गोळीकिड्यांचा पांजरपोळ

त्रिशलाबाई शिंकल्या आणि त्यांची बरगडी मोडली.

शिंक साधीच होती. धन्यकुमार आत आमटीला फोडणी देत होते, लाल मिरची जरा जास्त जळली, खकाणा बाहेरच्या खोलीपर्यंत गेला आणि खुर्चीत बसलेल्या बाईंना एकच शिंक आली. धन्यकुमार हातात पळी घेऊन तसेच बाहेर आले. बाई डाव्या कुशीला हात लावून बसल्या होत्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, गेली वाटतं."

हे कितवं हाड, ते मोजणं दोघांनीही सोडून दिलं होतं.

त्रिशलाबाई आवटी एके काळी मिरजेतल्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. खो-खो हा त्यांचा खेळ. त्यांच्या शिट्टीने मैदानावरची कुत्रीसुद्धा ओळीत उभी राहतात, असं मुली म्हणायच्या. पन्नाशी उलटली आणि हाडांतला चुना उतरायला लागला. आधी मनगट गेलं, मग खुबा, मग काही कारण नसताना पाठीचा एक मणका बसला. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, पण हाड जेवढं भरायचं त्याहून जास्त झिजायचं. शेवटी बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, रिक्षात बसायचं नाही, असं करता करता सगळं जग त्या एका खुर्चीपुरतं उरलं.

धन्यकुमारांचं लक्ष्मी मार्केटजवळ चष्म्याचं दुकान होतं. ते त्यांनी बंद केलं आणि घरी बसले. बसले म्हणजे नावालाच. भाकरी थापायला शिकले, बाईंची वेणी घालायला शिकले, त्यांना हात वर करावे लागू नयेत म्हणून पुढून बटणं असलेले झगेही शिवायला शिकले. आणि खरं सांगायचं तर हे सगळं त्यांना आवडायला लागलं होतं. दुकानात त्यांनी आयुष्यभर लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसतो का ते बघितलं. एकदा बसला की गिऱ्हाईक निघून जायचं. घरात मात्र कुणालातरी त्यांची सकाळपासून रात्रीपर्यंत गरज होती. हे आवडणं बरं नव्हे हे त्यांना कळत होतं, म्हणून ते कुणाजवळ बोलले नव्हते.

बरगडीच्या निमित्ताने ती दोघं डॉक्टर नौशीन मुजावर यांच्याकडे गेली. नौशीन तरुण होती, मिरजेतलीच होती, आणि तिची आई त्रिशलाबाईंच्या हाताखाली खो-खो खेळलेली होती. तिने एक्स-रे बघितला आणि सरळच सांगितलं की जुन्या औषधांनी आता काही होणार नाही. नवीन एक उपाय आहे, अजून चाचणीच्या टप्प्यात आहे, पण आतापर्यंत ज्यांच्यावर झाला ते सगळे चालताहेत. मग तिने कपाटातून एक काचेची थाळी काढून टेबलावर ठेवली. थाळीत ओलं शेवाळ आणि खापरीचा एक तुकडा होता. तिने खापरी उचलली. खाली मिऱ्याएवढे, राखाडी, खवल्याखवल्यांचे पाचसहा जीव एकमेकांना चिकटून बसले होते. उजेड पडताच ते पळायला लागले. एकाला तिने पेनाचं टोक लावलं, तर त्याने अंगाची गोळी केली आणि तो थाळीत गडगडत गेला.

"हे तर आमच्या कुंडीखाली असतात," त्रिशलाबाई म्हणाल्या.

असतात खरे, आणि मराठीत त्यांना धड नावही नाही. कुणी गोळीकिडा म्हणतं. नौशीनने सांगितलं की किडा हे नावही चुकीचंच, कारण हा खेकड्याच्या आणि कोळंबीच्या कुळातला. त्याचे पूर्वज फार फार वर्षांपूर्वी समुद्रातून जमिनीवर आले, पण पाण्याची सवय काही सुटली नाही. अजूनही हा पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो, आणि ते ओले राहिले नाहीत तर गुदमरून मरतो. म्हणून दिवसभर कुंडीखाली, दगडाखाली, कुजक्या पाचोळ्यात राहायचं. त्याचं कवच चुन्याचं असतं आणि वाढायचं तर ते टाकावं लागतं. पण मेहनतीने जमवलेला चुना कातीबरोबर टाकून दिला तर नवं कवच कशाचं करायचं? त्यावर या एवढ्याशा जिवाने जी युक्ती काढली आहे, तिच्यावरच सगळा उपाय उभा होता. हा अर्धी अर्धी कात टाकतो. आधी मागच्या अर्ध्या अंगातला चुना विरघळवून पुढच्या अर्ध्या अंगात, छातीखाली, साठवून ठेवतो. मग मागची कात टाकतो, साठवलेला चुना तिकडे वळवून मागचं नवं कवच घट्ट करतो, आणि त्यानंतरच पुढची.

"काकू, पाक करताना लिंबू कशाला पिळतात?" नौशीनने विचारलं.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं, कारण घरात पाक तेच करायचे. धन्यकुमार म्हणाले, साखर बसू नये म्हणून. नाहीतर पाक खडे धरतो.

"तेच. या प्राण्याकडे चुन्यासाठीचं लिंबू आहे."

चुना एरवी खडे धरतो, आणि खडा झाला की जागचा हलत नाही. या जिवाच्या अंगात एक प्रथिन असतं, ते चुन्याला खडे धरू देत नाही. पाकासारखा पातळ ठेवतं, त्यामुळे तो हवा तिथे नेता येतो आणि काही तासांत बसवता येतो. माणसाचं हाड वेगळ्या जातीच्या चुन्याचं असलं तरी ते घडतानाही आधी असाच मऊ, बिनखड्यांचा चुना लागतो, आणि म्हातारपणी तोच मिळेनासा होतो. नौशीनच्या गटाने गोळीकिड्यांची एक जात तयार केली होती. त्या जातीच्या मागच्या अर्ध्या कातीत हे प्रथिन भरपूर उतरत होतं आणि माणसाच्या हाडालाही मानवत होतं. अडचण एवढीच की कात पडल्यापासून काही तासांत ते मोडून जातं. बाटलीत भरून विकता येत नाही. ज्याला औषध घ्यायचं त्याने हे जीव घरी पाळायचे, कात पडली की लगेच उचलून यंत्रात टाकायची, आणि यंत्राने काढलेला अर्क दंडात टोचून घ्यायचा.

दुसरी अडचण मोठी होती. सगळा सांगाडा एकदम हलवला तर रक्तात चुना इतका वाढेल की हृदय थांबेल. म्हणून माणसालाही अर्धं अर्धंच करायचं. आधी कमरेखालचं अंग, आणि त्या काळात वरची हाडं आपला चुना उसना देणार. म्हणजे पाय बळकट होतील तेव्हा हात, खांदे, बरगड्या आहेत त्याहून ठिसूळ होतील. मग काही दिवस थांबून वरचं अंग. मधे खंड पडला, तर उसना दिलेला चुना परत मिळणार नाही.

धन्यकुमारांना धडकीच भरली. त्रिशलाबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. आवटी जैन होते आणि बाई रोज सकाळी बसल्या जागी णमोकार म्हणायच्या. त्यांनी विचारलं की यात हे जीव मरतात का.

नौशीन म्हणाली, नाही. पडलेली कातच घ्यायची असते.

"पडलेल्या कातीचं ते काय करतात एरवी?"

"खातात. चुना परत मिळवायला."

"म्हणजे आम्ही त्यांच्या तोंडचं काढून घ्यायचं."

हा प्रश्न नौशीनला आजवर कुणी विचारला नव्हता. मग ती म्हणाली की पेटीत चुनखडीचा खडा ठेवला तर त्यांची गरज भागते. बाईंनी मान हलवली आणि नवऱ्याला सांगितलं, "रोज ताजा ठेवायचा."

बंगळुरूहून मुलगी सन्मती फोनवर खूप भांडली. आईच्या अंगावर प्रयोग नकोत, असं तिचं म्हणणं होतं. बाईंनी तिला बोलू दिलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या की शिंक आली तर काय करू, ते सांग.

*

पेटी आली ती देवघराशेजारच्या कोनाड्यात बसली, कारण घरात सगळ्यात थंड जागा तीच. धन्यकुमारांनी दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग काढलं, बारीक चिमटा काढला, रंगाचा एक ब्रश आणला. जन्मभर चष्म्याचे स्क्रू हाताळलेल्या बोटांना हे काम जड नव्हतं. कात कधी पडणार ते ओळखायची खूण नौशीनने दाखवली होती. जीव उलटा केला की छातीखाली खडूचे पांढरे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की त्याच्यावर नजर ठेवायची. मग मागचा भाग फिकट होतो आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी अर्धी कात सुटून पडते. तो पापुद्रा ब्रशने अलगद उचलायचा आणि त्या जागी चुनखडीचा कण ठेवायचा. त्यानंतर काही काळ तो जीव दोन रंगांचा दिसतो, पुढून काळपट आणि मागून दुधट. घाईत विजोड कपडे घालून बाहेर पडल्यासारखा.

पेटी बाईंच्या खुर्चीसमोरच असल्यामुळे दोघांचा दिवस तिच्याभोवती फिरायला लागला. ते जीव शेपटीच्या टोकानेही पाणी ओढून घेतात हे धन्यकुमारांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी बाईंना हाक मारून दाखवलं. पेटीला कधीकधी झोंबरा वास यायचा. चौकशी केली तेव्हा कळलं की हे जीव लघवी करतच नाहीत, अंगातली घाण वायूच्या रूपाने सोडून देतात. बाई म्हणाल्या की ही सोय माणसाला असती तर त्यांची आयुष्यभराची निम्मी अडचण मिटली असती, आणि इतक्या हसल्या की धन्यकुमारांनी घाबरून त्यांची बरगडी धरली.

एकदा त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून छोटासा चक्रव्यूह केला. एका जिवाला डावीकडे वळायला लावलं, तर पुढच्या वळणावर तो उजवीकडे गेला, त्यापुढे पुन्हा डावीकडे. बहुतेक सगळे तसंच करत होते. नौशीनने सांगितलं की अडचणीतून पळताना त्याच त्या जागी परत येऊ नये म्हणून ही रीत. बाईंनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या मुलींना हे शिकवायला मला एक अख्खं वर्ष लागायचं."

कुणी बोट लागताच गोळी होऊन बराच वेळ उघडत नसे, कुणी लगेच पाय काढून चालायला लागे. जे उघडतच नसत त्यांना बाईंनी शाळा तपासायला येणाऱ्या जुन्या साहेबांची नावं दिली.

आणि एके सकाळी धन्यकुमारांना एका मादीच्या पोटाखाली पाण्याची पिवळसर पिशवी दिसली. आत बारीक ठिपके होते, हलणारे. पेटीत सगळ्या माद्याच दिल्या होत्या, म्हणून त्यांनी घाईने फोन केला. नौशीन हसली. मादी नराचं बीज पुष्कळ दिवस अंगात जपून ठेवते, आधीचं असेल, असं ती म्हणाली. समुद्रातली आई अंडी पाण्यात सोडते, हिच्याजवळ समुद्र नाही, म्हणून ही पोटाशी आपलं थेंबभर पाणी घेऊन फिरते आणि पोरांना त्यात वाढवते. पोरं बाहेर आली तेव्हा मोहरीहून बारीक आणि पांढरीशुभ्र होती. नवरा-बायको दोघंही डोक्याला डोकं लावून पेटीत बघत बसली आणि दूध उतू गेलं.

*

पायांना जोर यायला लागला तो हळूहळू नाही, एकदमच आल्यासारखा आला. सुया सुरू होऊन महिना उलटला असेल. त्रिशलाबाई खुर्चीच्या हाताला न धरता उठल्या, स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि पुन्हा गेल्या. एक्स-रे बघून नौशीन म्हणाली की खुब्याचं हाड तिच्या स्वतःच्या हाडापेक्षा चांगलं दिसतंय. पण वरचं अंग आता अगदी नाजूक आहे, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही, आणि पडायचं तर मुळीच नाही, हेही तिने बजावलं.

"म्हणजे मी कमरेखाली पोरगी आणि कमरेवर पापड," बाई म्हणाल्या.

त्या पोरगीने घर डोक्यावर घेतलं. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत, मग मार्केटपर्यंत, मग पार किल्ल्यापर्यंत बाई चालायला लागल्या, हात पोटाशी घेऊन, ताठ. आणि मागे धन्यकुमार, दोन्ही हात अर्धवट पसरून, रांगणाऱ्या पोराच्या मागे जावं तसे. बाजारातले लोक थांबून बघायचे, काहीजण पाया पडायला पुढे यायचे आणि धन्यकुमार त्यांना लांबूनच थांबवायचे. रात्री त्यांचे खांदे भरून यायचे. त्यांना आनंदही होत होता आणि आतून काहीतरी सुटत चालल्यासारखंही वाटत होतं.

वरच्या अंगाच्या सुया सुरू व्हायच्या सुमारास ऊन चढलं. त्या वर्षीचा मे भाजून काढणारा होता. गोळीकिड्यांचं कात टाकणं आधी मंदावलं आणि मग थांबलंच. धन्यकुमार एकेकाला उलटं करून भिंगातून बघायचे, पण कुणाच्याही छातीखाली ठिपके नव्हते. ते पाण्यासाठी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग करून बसले होते. ढिगात बसलं की अंगातला ओलावा कमी उडतो.

नौशीन येऊन बघून गेली. उकाडा तर होताच, पण पाकिटातल्या खाद्यातही काही दम उरला नव्हता. त्यांना जिवंत बुरशी असलेला, खरोखर कुजलेला पाचोळा हवा, शक्यतो उंबराचा, असं ती म्हणाली. तिच्याकडचा साठा संपला होता आणि नवा यायला वेळ लागणार होता. तितका वेळ नव्हता. वरच्या हाडांनी चुना उसना देऊन टाकला होता आणि आता भरपाई सुरू झाली नाही, तर हात जन्माचे तसेच राहणार होते.

धन्यकुमारांनी एक मोठा माठ आणला, त्याच्याभोवती ओली वाळू भरली, आणि पेटीतले सगळे जीव एकेक करून माठात हलवले. वाळूवर दर थोड्या वेळाने पाणी शिंपडायचं. दुपारी त्यांचा जरा डोळा लागला. जागे झाले तर खुर्ची रिकामी, दार उघडं, आणि बाईंच्या चपला नव्हत्या.

ते गल्लीत धावले. कुणी म्हणालं, इकडे गेल्या; कुणी म्हणालं, तिकडे. माठ सोडून लांब जाववत नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं. ते दारातच उभे राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलचा धक्का त्यांच्या डोळ्यांसमोर बाईंना लागत होता.

बऱ्याच वेळाने वळणावर आधी आवाज ऐकू आला. मग खेळाच्या कपड्यातल्या दहाबारा मुली आल्या, दोघीदोघी मिळून एकेक पोतं धरून. आणि सगळ्यांच्या पुढे, हात पोटाशी घेऊन, घामाने निथळत, त्रिशलाबाई. बाईंच्या जुन्या शाळेच्या मैदानामागे एक जुनं उंबराचं झाड होतं आणि त्याच्याखालचा पाचोळा कित्येक वर्षांत कुणी हलवला नव्हता. बाई चालत तिथे गेल्या होत्या. सुट्टीतला सराव चालू होता. पोतं उचलायला हात नाहीत म्हणून त्यांनी शिट्टी उसनी घेऊन वाजवली होती.

मुली पोती ठेवून, पाणी पिऊन गेल्या. धन्यकुमार दार लावून बाईंकडे वळले.

"सांगून गेली असतीस तर?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

धन्यकुमार खोटं बोलू शकले नाहीत. "नसतं दिलं."

"मग?"

"त्रिशला, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण खुर्चीत बसूनही मोडलीच की बरगडी." बाई पुढे आल्या. हात वर जात नव्हते, म्हणून त्यांनी कपाळ नवऱ्याच्या खांद्याला टेकवलं. "आता आधी त्यांना जेवायला घाला. उपाशी आहेत."

पाचोळा काळा आणि ओलसर होता, त्याला मातीचा गोड वास येत होता. माठात घालताच ढीग विस्कटला आणि सगळे त्याच्यात शिरले. कान दिला तर आत बारीक कुरकुर ऐकू यायची. थोड्याच दिवसांत एका साहेबाच्या छातीखाली पांढरे ठिपके उमटले. धन्यकुमारांनी भिंग काढून डोळे पुसले, पुन्हा बघितलं. ठिपकेच होते.

*

पाऊस सुरू होऊन स्थिरावला तोवर बाईंच्या हातांची हाडंही भरून निघाली. त्यांनी पहिल्यांदा उचलली ती पाण्याने भरलेली बादली, आणि ती घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सन्मती बंगळुरूहून आली, आईने तिला मिठी मारली, आणि मुलगी रडत रडत म्हणाली, "आई, जरा हळू."

शाळेने बाईंना सरावासाठी बोलावलं आणि त्या रोज संध्याकाळी जायला लागल्या. घर शांत झालं. गारवा आल्यावर जीव माठातून पुन्हा पेटीत आले होते, आणि धन्यकुमार तिच्यापुढे बसून राहायचे. आता कात उचलायची गरज नव्हती, पण सवयीने ते भिंग लावायचे.

मग नौशीनचा फोन आला. तिचा आवाज पडलेला होता. उपचार संपले, आता पेटी परत करायची. सुरुवातीला सांगितलं होतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष बरगडीकडे होतं. ही घडवलेली जात आहे, बाहेर सुटली, साध्या गोळीकिड्यांत मिसळली, तर पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नाही, म्हणून काम झालं की गोठवून संपवायचं असा चाचणीचा नियम आहे. पोरं धरून सगळी.

धन्यकुमारांनी फोन ठेवला आणि जेवले नाहीत. नियम मूर्खपणाचा नव्हता, हाच त्रास होता. ते रात्री म्हणाले की मोकळं सोडणं बरोबर नाही हे मला पटतं, पण मी पेटी देणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या गोष्टीला असं सरळ नाही म्हणत होते.

चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीची बैठक होती, तिथे दोघं गेली. नौशीनने त्यांना आत घेतलं. अध्यक्ष एक वयस्कर प्राणिशास्त्रज्ञ होते, सौम्य माणूस, त्यांनी नियमाची कारणं नीट समजावून सांगितली. धन्यकुमार तयारी करून आणलेलं सगळं बोलणं विसरले. तेव्हा बाई उभ्या राहिल्या.

"मी ज्यांच्या कातीवर उभी राहिले, त्यांना बर्फात घालायचं? ते मला जमणार नाही. सोडू नका, ठीक आहे. मारूही नका. आमच्याकडे म्हाताऱ्या गाईंना पांजरपोळात ठेवतात, काम संपलं म्हणून कुणी त्यांना संपवत नाही. दोन दारांची बंद खोली करा, नर-माद्या वेगळ्या ठेवा, जगतील तेवढे जगू द्या."

सभेत थोडा हशा पिकला, पण तो चेष्टेचा नव्हता. अध्यक्षांनी विचारलं की अशा पेट्या आता गावोगावी आहेत, पुढे आणखी होतील, आणि एवढ्या जिवांचं वर्षानुवर्षं कोण बघणार.

"हे," बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

धन्यकुमारांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण हो म्हणून मोकळेही झालो आहोत.

*

परवानगी मिळायला हिवाळा उजाडला. शाळेने मैदानामागची, उंबराजवळची, सामान ठेवायची जुनी खोली दिली. तिला दोन दारं बसली, खिडक्यांना बारीक जाळी लागली, आत मातीचे माठ आले, रांगेने. नौशीन आठवड्यातून एकदा येऊन तपासणी करायची. हळूहळू सांगली, जयसिंगपूर, कागवाड, कुठून कुठून लोक पेट्या घेऊन यायला लागले. सगळे पासष्टीच्या पुढचे, सगळे स्वतः चालत आलेले. कुणी पेटी हातातून सोडायला वेळ लावायचं, कुणी आपल्या जिवांच्या खोडी सांगत बसायचं. धन्यकुमार सगळं ऐकून घ्यायचे. एवढी माणसं त्यांच्याकडे दुकानातही कधी आली नव्हती.

एका संध्याकाळी कुपवाडच्या एक आजी आल्या. पेटी देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं की हे जगतात किती. धन्यकुमार म्हणाले, दोनतीन वर्षं.

"आणि मग?"

"मग काही नाही. म्हातारे होऊन मरतात."

"चांगलं आहे की," आजी म्हणाल्या, आणि रिक्षा नको म्हणून तरातरा चालत गेल्या.

धन्यकुमारांनी माठांवर पाणी शिंपडलं, दोन्ही दारं लावली आणि बाहेर आले. मैदानावर सराव चालला होता. बाई खांबाजवळ उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. त्यांनी नवऱ्याला बघितलं आणि हाक मारली, की एक मुलगी आज आली नाही, ओळीत जागा रिकामी आहे, तुम्ही बसा.

धन्यकुमार म्हणाले की मला यातलं काही येत नाही. बाई म्हणाल्या, येईल. मुली हसत होत्या. धन्यकुमारांनी चपला काढून कडेला ठेवल्या आणि ते दोन मुलींच्या मधे, त्यांच्या उलट तोंड करून, लाल मातीत उकिडवे बसले. माती गार होती. त्यांच्या मागून कुणीतरी पळत गेलं, मग आणखी कुणीतरी. आपल्यापर्यंत काही येणार नाही, असं त्यांना वाटत होतं, तेवढ्यात पाठीवर एक सणसणीत थाप पडली. हात ओळखीचा होता, जोर मात्र नवा होता.

"खो!"

धन्यकुमार उठले आणि पळत सुटले.